तेल पाहा, तेलाची धार पाहा!
(मोटारीच्या इंजिनातील ऑइलगळती कशी शोधावी आणि कशी थांबवावी)



हिंदीत एक म्हण आहे, 'तेल देखो, तेल की धार देखो'. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे ही म्हण माझ्या तोंडात बसली आहे. उतावीळ होऊ नका, परिस्थिती कोणत्या बाजूला वळते ते नीट पाहा आणि मगच पाऊल टाका, असा तिचा अर्थ. म्हण मोटारगाडीच्या पुष्कळ आधीची आहे, पण ती प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावी इतकी तिथे लागू पडते.

शाळेच्या अंकात इंजिनाच्या ऑइलवर लेख कशासाठी, असे काहींना वाटेल. आपली बरीच मुले एसएसएलसी झाल्यावर आयटीआय किंवा डिप्लोमाला जातात. पुढे कोणी बेळगावच्या उद्यमबागेत, कोणी कोल्हापूर-पुण्याला, तर कोणी गोव्यात कामाला लागतात. यंत्रकामाची परंपरा आपल्या भागाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले ते बेळगावातच. त्यांचा कारखाना १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेला आणि पुढे १९४६ साली त्याच घराण्याची ऑइल इंजिने बनवणारी कंपनी पुण्यात उभी राहिली. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे. ज्यांना मेकॅनिक व्हायचे नाही त्यांनाही तो उपयोगी पडेल, कारण दोष कसा शोधावा हे शिकण्याचे ते एक चांगले उदाहरण आहे.

ताकदवान गाडीचे वेगळेपण

आज लहान दिसणाऱ्या गाड्यांतही जबरदस्त जोर असतो. चाकणला २०२२ पासून बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीमध्ये दीड लिटरचे टर्बो इंजिन १५० अश्वशक्ती देते. त्याआधी २०११ साली आलेल्या स्कोडा लॉरा व्हीआरएसमध्ये १.८ लिटरच्या इंजिनातून १६० अश्वशक्ती मिळत असे. खानापूरवरून अनमोड घाटाने किंवा जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्या गाड्यांत अशा गाड्या रोज दिसतात.

ऑइल अशा इंजिनात नुसते वंगण म्हणून नसते. ते उष्णता वाहून नेते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. इंजिन गरम असताना आयडलवर ऑइलचा दाब साधारण एक बार असला, तर वेगात तो चार-पाच बारपर्यंत जातो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर चार-पाच किलोचा रेटा. उभ्या गाडीत जी फट कोरडी दिसते, तीच फट घाट चढताना ओली होते, ती यामुळे.

धोका दोन प्रकारचा आहे. ऑइल कमी झाले तर बेअरिंग घासते, टर्बो जातो आणि शेवटी इंजिन जाम होते. दुसरा धोका आगीचा. इंजिन ऑइल साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि टर्बोजवळचा सायलेन्सरचा भाग जोरात चालवताना ७०० अंशांच्याही वर जातो. तिथे ऑइल पडू लागले तर धूर येतो आणि आगही लागू शकते. म्हणून जळक्या ऑइलचा वास आला की गाडी बाजूला घेऊन बंद करावी. गावात पोचल्यावर बघू, असे म्हणू नये.

थेंब एकीकडे, छिद्र दुसरीकडे

आपले खानापूर मातीच्या कौलांसाठी आणि कुंभारकामासाठी प्रसिद्ध. पाऊसही आपल्याकडे भरपूर. त्यामुळे घर गळणे म्हणजे काय हे आपल्या मुलांना सांगावे लागत नाही. थेंब जेवणाच्या खोलीत पडतो, पण फुटके कौल असते चार हात वर, माळवदाच्या बाजूला. पाणी वाशावरून सरकत येते आणि जिथे वासा संपतो तिथे टपकते. थेंबाच्या बरोबर वरचे कौल बदलणारा माणूस पुढच्या पावसात पुन्हा भिजतो.

इंजिनातही तसेच होते. झाकणाच्या कडेतून निघालेले ऑइल बोल्टच्या डोक्यावरून, वायरच्या जोडावरून, खाचेतून खाली येते आणि चेंबरच्या तळाशी थेंब बनते. गाडी पळत असताना वारा त्याला मागे ढकलतो, त्यामुळे मागचा सगळा भाग तेलकट होतो. ताकदवान गाड्यांत इंजिनाखाली प्लास्टिकचे कवच असते. ऑइल त्यात साचून राहते आणि जमिनीवर थेंब दिसतच नाही. म्हणून नियम एकच. सर्वांत जास्त ओली जागा शोधायची नाही, तर सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची.

आधी ओळख पटवा

गाडीखाली डाग दिसला म्हणजे ते इंजिन ऑइलच असे समजू नका. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा किंवा जुने वर्तमानपत्र पसरा. पुढची चाके कुठे आहेत त्याची खूण त्यावर करा. सकाळी डाग कोणत्या बाजूला आहे हे समजते.

- स्वच्छ पाणी असेल तर बहुधा एसीचे. कागद उन्हात वाळला की डाग जातो.
- हिरवे किंवा गुलाबी, पातळ आणि गोडसर वासाचे असेल तर रेडिएटरमधील कूलंट.
- लालसर असेल तर बहुतेक वेळा ऑटोमॅटिक गिअर किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल.
- घट्ट आणि गंधकासारख्या उग्र वासाचे असेल तर गिअर ऑइल.
- तपकिरी किंवा काळे, कागदावर पारदर्शक डाग सोडणारे असेल तर इंजिन ऑइल.

चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, बुळबुळीत द्रव दिसला तर ते ब्रेक ऑइल असू शकते. अशा वेळी गाडी चालवूच नये.

यासोबत डिपस्टिक पाहण्याची सवय हवी. गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून पट्टी पाहावी. पातळी उतरते आहे, पण कुठेच ओले नाही आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तर ऑइल गळत नसून इंजिनात जळते आहे. तो वेगळा रोग आहे आणि त्याला बाहेरचे सील बदलून उपाय होत नाही.

थोडे गणित करू. मिनिटाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला १४४० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला ७२ मिलिलिटर आणि महिन्याला दोन लिटरहून अधिक! अशा इंजिनात सारे मिळून चार-पाच लिटर ऑइल असते. एक थेंब म्हणून हसणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

शोध पायरीपायरीने

१) इंजिन थंड होऊ द्या आणि मग स्वच्छ करा. गळतीच्या शोधात हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. जुन्या चिखल-तेलाच्या थराखाली नवी गळती दिसणार कशी? डीग्रीझर मारून, ब्रशने घासून पुसून काढा. गरम इंजिनावर पाणी किंवा पेट्रोल मारू नये. अल्टरनेटर आणि वायरींचे जोड प्लास्टिकच्या पिशवीने झाका.

२) वाळल्यावर गाडी सुरू करून तशीच उभी ठेवा आणि टॉर्चने पाहा. फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात व कपडे दूर ठेवा. काही दिसले नाही तर आठ-दहा किलोमीटर फिरवून आणून पुन्हा पाहा.

३) तरीही सापडत नसेल तर संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा. ऑइल जिथून निघते तिथून पावडरीवर गडद रेघ उमटते. स्वस्तातला, पण चांगला उपाय आहे.

४) त्यानेही भागले नाही तर ऑइलमध्ये खास रंगद्रव्य मिसळतात. गाडी थोडी फिरवून अंधारात अतिनील टॉर्च मारली की गळतीची वाट पिवळसर हिरवी चमकते. नोटा तपासण्याच्या दिव्यासारखाच हा प्रकार आहे.

५) सापडलेल्या जागेचा फोटो काढा आणि वर पाहा. त्याहून वर काही ओले आहे का? असेल तर शोध संपलेला नाही.

गाडी वर घेताना नुसत्या जॅकवर विसंबून कोणीही खाली जाऊ नये. खाली भक्कम स्टँड हवेत आणि चाकांना अडसर हवा. हे मी विद्यार्थ्यांना विनंती म्हणून नाही, तर आज्ञा म्हणून सांगतो.

नेहमीच्या जागा

वरून खाली येताना या जागा तपासाव्यात. सर्वांत वर टॅपेट कव्हरचे गॅस्केट. सर्वांत जास्त गळती इथलीच, आणि दुरुस्तीही तुलनेने सोपी. मग ऑइल फिल्टर आणि त्याच्या बैठकीतील रबरी ओ-रिंग. फिल्टर बदलताना जुनी रिंग बैठकीला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसवली तर काही मिनिटांत ऑइल बाहेर ओतले जाते. म्हणून जुनी रिंग हातात आल्याशिवाय नवा फिल्टर लावू नये. त्यानंतर टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी आणि परत आणणारी जाड नळी, ऑइल प्रेशरचा स्विच, पुढचे आणि मागचे क्रँक सील, चेंबरचा जोड आणि शेवटी ड्रेन नट व त्याचे वायसर.

यांतील बहुतेक भाग रबराचे. रबर वर्षानुवर्षे उष्णता सोसून कडक होते आणि त्याची दाबल्यावर पुन्हा फुगण्याची शक्ती जाते. ही गोष्ट किती महाग पडू शकते हे जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिले. अमेरिकेचे चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या सकाळच्या थंडीने अग्निबाणाच्या जोडातील ओ-रिंगचे रबर ताठर झाले होते. चौकशी आयोगातील शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात त्याच रबराचा तुकडा बुडवून, थंडीत ते मूळ आकारावर लगेच येत नाही, हे सर्वांसमोर दाखवले. तिथे थंडी होती, इथे उष्णता आणि वय. रिंगचे काम मात्र दोन्हीकडे एकच.

गळती का झाली?

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. गळती कुठे आहे हे समजल्यावर ती का झाली, हा प्रश्न उरतोच.

आपल्या एका माजी विद्यार्थ्याने पुण्यात जुनी लॉरा व्हीआरएस घेतली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून ऑइल टपकू लागले. एका वर्कशॉपने मागचे क्रँक सील गेले असे सांगून गिअरबॉक्स उतरवला आणि नवे सील घातले. निदान चुकीचे नव्हते, सील खरोखरच गेले होते. पण चार महिन्यांत पुन्हा तीच जागा ओली. पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मागण्यात आली.

तिसऱ्या ठिकाणी एका जुन्या मेकॅनिकने पान्याला हात लावण्याआधी इंजिन सुरू करून कान दिला. बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडू गेले तर ते आत ओढल्यासारखे घट्ट बसलेले. ते सैल होताच शिट्टी थांबली. बिघाड सीलमध्ये सुरूच झालेला नव्हता, तो वरच्या पीसीव्ही व्हॉल्व्हमध्ये होता.

हा व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाचे नाक समजा. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली निसटतो. तो वायू ओढून घेऊन पुन्हा जळण्यासाठी पाठवणे हे त्याचे काम. तो चोंदला तर इंजिनाच्या पोटात दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून बाहेर ढकलले जाते. त्याचा आतला रबरी पडदा फाटला तर उलट होते. ओढ प्रमाणाबाहेर वाढते, सीलची ओठासारखी नाजूक कड आत खेचली जाऊन बिघडते आणि मग तिथूनच ऑइल निसटते. या जातीच्या टीएसआय इंजिनांत हा दोष मेकॅनिक लोकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. आधी व्हॉल्व्ह बदलला, मग सील बदलले आणि गळती थांबली. पहिल्या वेळी दोन मिनिटे झाकण उघडून पाहिले असते, तर एका गिअरबॉक्स उतरवणीचा खर्च वाचला असता.

दुरुस्तीचे नियम

गॅस्केट बदलताना दोन्ही पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ आणि कोरडे हवेत. अॅल्युमिनियमवर ब्लेड किंवा पटाशी चालवू नये. एक ओरखडा म्हणजे ऑइलला नवी वाट. प्लास्टिकची पट्टी वापरावी.

जितके जास्त घट्ट तितके चांगले, ही समजूत खोटी आहे. टॅपेट कव्हरचे छोटे बोल्ट साधारण ८ ते १० न्यूटन-मीटरने आवळायचे असतात. वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला हा फक्त पाच किलोचा जोर होतो. दहावीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे. यापेक्षा जास्त आवळले तर झाकण वाकते, आटे जातात आणि गळती वाढते. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, आलटून-पालटून, थोडे थोडे आवळावेत. नेमका आकडा आणि क्रम त्या गाडीच्या पुस्तकात असतो, तो पाहावा.

सिलिकॉनचा लेप जिथे सांगितला आहे तिथेच आणि बारीक रेघेइतकाच लावावा. भरपूर लावला तर तो बाहेर जितका दिसतो तितकाच आतही पिळला जातो. आतला तुकडा सुटून चेंबरमधल्या जाळीत अडकला की पंपाला ऑइल मिळत नाही. थेंब थांबतो, पण इंजिन मरते.

ड्रेन नटचे वायसर दर वेळी नवे घालावे. काही आधुनिक क्रँक सील कोरडेच बसवायचे असतात, त्यांना सवयीने ऑइल लावू नये. गळती थांबवणारी बाटलीतली औषधे रबर थोडे फुगवतात आणि काही दिवस आराम देतात, पण फाटलेले सील किंवा चोंदलेला व्हॉल्व्ह त्यांनी बरा होत नाही. दुरुस्तीनंतर शे-दोनशे किलोमीटरने पुन्हा खाली पाहावे. तोवर काम पूर्ण झाले असे म्हणू नये.

आणि सांडलेले ऑइल?

मलप्रभा आपल्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. म्हादईचे पाणीही आपल्याच डोंगरांतून सुरू होते. रस्त्यावर पडलेले ऑइल पहिल्या पावसात ओढ्यात जाते. एका वेळी बदललेले जुने ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. जुन्या ऑइलमध्ये धातूचे कण आणि जळलेला मळ असतो. ते गटारात ओतू नये, जाळू नये, वाळवीसाठी लाकडाला फासू नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात साठवून, परवानाधारक संकलकाकडे ते देणाऱ्या गॅरेजलाच द्यावे.

घरी करून पाहा

१) वर्तमानपत्राच्या कागदावर पाणी, गोडे तेल आणि घरी असल्यास इंजिन ऑइल यांचा एकेक थेंब टाका. दुसऱ्या दिवशी काय दिसते ते वहीत लिहा.

२) घरच्या दुचाकीखाली एक रात्र पुठ्ठा ठेवा. डाग पडला तर वडीलधाऱ्यांच्या समोर, गाडी थंड असताना, सर्वांत वरची ओली जागा शोधा. कशालाही हात न लावता तिचे चित्र काढा.

३) गॅरेजमधल्या दादांना विचारून तिथल्या शब्दांची यादी करा. तेलाला कानडीत एण्णे म्हणतात, पण गॅरेजमध्ये मराठी आणि कानडी दोघांचेही 'ऑइल'च झालेले असते. असे आणखी किती शब्द सापडतात?

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. चांगली निरीक्षणे सूचनाफलकावर लावली जातील.